ग्राफच्या डाव्या कडेचा एफ

माझ्या टेबलावर दिवसभर जे कागद छापून निघतात त्यांच्यावर डोंगर काढलेले असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं थोडंसं रक्त एचपीएलसी मशीन ओढून घेतं आणि सहा-साडेसहा मिनिटांत त्यातली हिमोग्लोबिनं वेगळी करून दाखवतं. पहिल्या मिनिटाच्या आसपास एफ, मग ए, साडेतीन मिनिटांनंतर ए-टू आणि साडेचारच्या आसपास एस. ज्याला एसचा डोंगर नाही तो सुटला. ज्याला ए आणि एस दोन्ही आहेत तो सिकलसेलचा वाहक. ज्याला एक उंच एस आहे आणि ए नाहीच, त्याला आजारच आहे. त्याच्या कागदावर आम्ही एसएस लिहितो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.

सगळ्यांची नजर उजवीकडच्या एसवर जाते. डाव्या कडेला एफचा एक बुटका डोंगर असतो, त्याच्यासमोर टक्का छापलेला असतो, तो कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हते. ज्या चुकीमुळे मी तो वाचायला लागले, ती आधी सांगते.

२०११ साल. नोकरीचं पहिलं वर्ष, चंद्रपूर जिल्ह्यात धानपट्ट्यातलं एक लहान रुग्णालय. तिथे हे मशीन नव्हतं, सोल्युबिलिटीची ट्यूब होती. द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि ट्यूब रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर एस नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर एस आहे. एक बाई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. तिचा मोठा मुलगा चार वर्षांचा, तो एसएस आहे हे आधीच कळलेलं होतं. तिला एवढंच हवं होतं, "ह्याले तर नाही न जी, मॅडम?"

मी ट्यूब धरली. रेघा स्वच्छ दिसत होत्या. मी 'निगेटिव्ह' लिहून सही केली. त्या बाईनं कागद कपाळाला लावला.

अकरा महिन्यांनी ती परत आली तेव्हा बाळाचे दोन्ही हात आणि पावलं सुजून फुगली होती. बोटाला हात लावला तरी ते किंचाळत होतं. लहान मुलांत सिकलसेल पुष्कळदा असाच पहिल्यांदा दिसतो. नागपूरहून एचपीएलसीचा रिपोर्ट आला, एसएस. मी किटच्या खोक्यातला सूचनेचा कागद काढून वाचला. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांत ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, असं त्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं. तो कागद मी वर्षभरात एकदाही उघडला नव्हता. त्या अकरा महिन्यांत बाळाला पेनिसिलिन सुरू झालं असतं, न्यूमोकोकलची लस मिळाली असती. मोठा जंतुसंसर्ग झाला नाही, हे बाळाचं नशीब. मी त्या बाईला सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तवा तो आजार कुठं लपला होता जी?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला काही वर्षं लागली. उत्तर फार सुंदर आहे आणि माझ्या पट्ट्यातल्या प्रत्येक सिकलसेलच्या घरात ते ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं नसतं. आपल्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. गर्भात बीटाच्या जागी गॅमा असते, तेच हे एफ. त्याची ऑक्सिजनवरची पकड घट्ट असते, म्हणून ते आईच्या रक्तातून ऑक्सिजन खेचून घेऊ शकतं. सिकलसेलचा दोष आहे बीटाच्या जनुकात, एका अक्षराचा. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन सोडल्यावर अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग ते दुखणं सुरू होतं जे पाहिलेला माणूस विसरत नाही. पण गॅमामध्ये हा दोष नसतो. एफ त्या दांड्यांत बसत नाही, उलट त्यांची जुळणी मोडतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात बहुतेक हिमोग्लोबिन एफच असतं. आजार तेव्हाही असतोच, फक्त एफनं तो दाबून धरलेला असतो. माझ्या ट्यूबमध्ये रेघा दिसल्या त्या ह्याच एफमुळे, आणि एस अजून पुरेसं तयार झालेलं नव्हतं म्हणून.

न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी हे १९४८ सालीच हेरलं होतं. सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळं पहिले काही महिने ठणठणीत का असतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना राखत असावं, हे त्यांचं उत्तर. माझ्यासमोरच्या बाईनं विचारला तो प्रश्न ह्याहून वेगळा नव्हता.

मग ते राखणारं एफ जातं कुठे? ही गोष्ट मी आता आमच्याकडच्या लोकांना मामा तलावाच्या भाषेत सांगते, कारण माझं बालपण नागभीड तालुक्यात अशाच एका माजी मालगुजारी तलावाच्या पाळीखाली गेलं. अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या भाऊबंदांचे जनुक ओळीनं आहेत, ज्या क्रमानं आयुष्यात लागतात त्याच क्रमानं: आधी भ्रूणाचा एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. ह्या सगळ्यांच्या वर डीएनएचा एक जोरकस पट्टा आहे, तो ज्या जनुकाला जाऊन भिडेल तो जनुक धो-धो चालतो. तो आपला तलाव समजा. तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडलं की पाटाचं पाणी आधी वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, जातं, ती गॅमा. खालच्या बांधीला, म्हणजे बीटाला, पाणी द्यायचं तर वरच्या बांधीचं तोंड कुणीतरी माती लावून बंद करावं लागतं. जन्माच्या आसपास हे तोंड बंद व्हायला लागतं आणि पुढच्या काही महिन्यांत पाणी खाली वळतं. मोठ्या माणसात एफ बहुधा एक टक्क्यालाही पोचत नाही. ज्याची बीटाची बांधी चांगली आहे त्याला काही फरक पडत नाही. ज्याच्या बीटातच दोष आहे, त्याच्यासाठी पाणी वळलं तिथेच आजार सुरू झाला.

माती लावणारा कोण, हे साठ वर्षं कुणाला सापडलं नव्हतं.

इथे मला त्या बाईचे दोन मुलगे आठवतात. लहान्या सहा वर्षांचा झाल्यावर (त्याआधी तुलना करण्यात अर्थ नसतो, लहानपणीचं एफ उतरत असतं) मी दोघांचे प्रिंटआउट शेजारी ठेवले. मोठ्याचं एफ ८ टक्के, लहान्याचं १९. मोठा दर दीड-दोन महिन्यांनी भरती, कमरेच्या खुब्याचं दुखणं, पुढे नववीत एक अख्खं वर्ष शाळा बुडाली. लहान्या त्या सुजलेल्या हातांनंतर चारेक वेळाच भरती झाला असेल. दोघांचे आईबाप एक. दोघांनाही आईकडून आणि वडिलांकडून तोच सिकलवाला पट्टा आलेला. म्हणजे अकराव्या गुणसूत्राच्या त्या ओळीत दोघांत फरक असायला फारशी जागा नाही. मग ८ आणि १९ कशानं? फरक दुसऱ्या कुठल्यातरी गुणसूत्रावर असणार.

शास्त्रज्ञांनीही असंच शोधलं, फक्त दोन भावांऐवजी हजारो माणसांत. २००७ आणि २००८ साली लंडनच्या आणि सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासांत, ज्यांच्या रक्तात मोठेपणीही एफ जास्त राहतं अशा लोकांचे जनुक चाळले गेले. सार्डिनियात थॅलेसेमिया, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याचा आजार, खूप, आणि तिथेही ज्यांचं एफ जास्त त्यांचा आजार सौम्य. बोट गेलं ते दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाकडे, बीसीएल११ए. नावातलं बीसीएल बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमावरून आलेलं आहे, कारण हा जनुक आधी त्या कॅन्सरच्या संदर्भात माहीत होता. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २००८च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं दाखवून दिलं की मोठ्या माणसाच्या तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत ह्या जनुकाचं प्रथिन कमी केलं की गॅमा परत सुरू होतो. माती लावणारा सापडला.

बीसीएल११ए हे स्वतः काही बनवत नाही, कुठला पदार्थ वाहून नेत नाही. त्याचं काम जनुकाचं वाचन थांबवणं. त्याच्या अंगाला जस्ताच्या अणूंनी बांधलेली बोटं असतात, त्यांना झिंक फिंगर म्हणतात, आणि त्या बोटांनी ते डीएनएवरची अक्षरं चाचपतं. २०१८ साली नेमकं ठिकाण कळलं: गॅमा जनुक सुरू होण्याच्या सुमारे ११५ अक्षरं आधी टीजीएसीसीए असा सहा अक्षरांचा तुकडा आहे, बीसीएल११ए तिथे बसतं आणि जनुक मिटवून ठेवणाऱ्या इतर प्रथिनांना बोलावून घेतं. मला ह्यातला जो भाग सगळ्यात आवडतो तो असा, की ग्रीसमधल्या काही माणसांत नेमक्या ह्याच जागेवर, ११७व्या अक्षरात, जन्मजात बदल असतो आणि त्यांचं एफ आयुष्यभर चढं राहतं. त्यांना काहीही त्रास नसतो. ही गोष्ट डॉक्टरांना कित्येक वर्षं माहीत होती, कारण माहीत नव्हतं. माती लावणाऱ्याला तिथे पाय ठेवायला जागाच मिळत नव्हती.

पुढचा टप्पा २०११चा. ऑर्किन यांच्याच गटानं सिकलसेलच्या उंदरांत फक्त तांबड्या पेशींच्या वंशातलं बीसीएल११ए बंद केलं, आणि उंदरांचा आजार हटला. हे वाचलं तेव्हा मी ते साल दोनदा पाहिलं. मी ती 'निगेटिव्ह'ची सही केली तेच साल.

'फक्त तांबड्या पेशींच्या वंशातलं' हे महत्त्वाचं आहे. लोक मला विचारतात, एवढं कळलंय तर ते प्रथिन मारणारी गोळी का काढत नाहीत? कारण ते नुसतं बांधीवर काम करत नाही. मेंदूच्या घडणीत ते लागतं, बी-पेशी तयार व्हायला लागतं. ज्या उंदरांत ते पूर्ण काढलं ती पिल्लं जन्मल्यावर जगत नाहीत. ज्या मुलांत ह्या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत जन्मतः बिघडलेली असते त्यांचा बौद्धिक विकास मागे राहतो, बोलणं उशिरा येतं. अशा मुलांचं वर्णन २०१६ साली आलं, त्या आजाराला डायस-लोगन सिंड्रोम म्हणतात. आणि ह्या मुलांच्या रक्तात एफ चढंच असतं. म्हणजे निसर्गानं दोन्ही गोष्टी एकाच मुलात दाखवल्या, फायदा आणि किंमत.

वाट निघाली ती २०१३ साली. बीसीएल११एच्या जनुकाच्या आतच, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात, एक छोटा पट्टा सापडला. तो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात ह्या जनुकाला जोर देतो. तो पट्टा तोडला की मेंदूतलं बीसीएल११ए जसंच्या तसं राहतं आणि रक्तातलं घटतं. त्या पट्ट्यावर गाटा-वन नावाचं दुसरं प्रथिन बसतं, नेमकी तीच जागा क्रिस्पर नावाच्या, डीएनए कापणाऱ्या कात्रीनं कापायची. २०१९च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या मिसिसिपीमधल्या व्हिक्टोरिया ग्रे यांना अशा कापलेल्या त्यांच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी नॅशव्हिलमध्ये देण्यात आल्या. सिकलसेलसाठी अमेरिकेत हे उपचार घेणाऱ्या त्या पहिल्या. लहानपणापासून दुखण्यानं रुग्णालयात खितपत पडलेली बाई पुढे नोकरी करू लागली, मुलांच्या मागे धावू लागली. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ला अमेरिकेनं ह्या उपचाराला परवानगी दिली. कॅसजेव्ही त्याचं नाव. अमेरिकेनं परवानगी देताना जे आकडे पाहिले त्यात ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने दुखण्याचा एकही तीव्र झटका आला नव्हता.

किंमत २२ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं अठरा कोटी रुपयांच्या वर. शिवाय आधी बुसल्फान हे जहाल औषध देऊन स्वतःची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, तोंडात फोड येतात, केस जातात, पुढे मूल होण्याची शक्यता कमी होते, कित्येक आठवडे रुग्णालयात. हे आमच्या ओपीडीतल्या बाकावर बसलेल्या माणसाला सांगताना मला जीभ जड होते. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेनं स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये ती बिरसा मुंडांच्या नावानं, बिरसा-१०१ म्हणून, जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं आहे. मी त्या बातमीचं कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

पण एफ वाढवण्याचा एक उपाय आमच्याच औषधखिडकीवर आज फुकट मिळतो. हायड्रॉक्सियुरिया, कॅप्सूल. ती बीसीएल११एला थेट हात लावत नाही. अस्थिमज्जेतल्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना ती लगाम घालते, आणि नव्यानं घडणाऱ्या तांबड्या पेशी जास्त गॅमा घेऊन बाहेर पडतात. अमेरिकेत १९९५च्या मोठ्या अभ्यासात तिनं दुखण्याचे झटके सुमारे निम्म्यावर आणले. आमच्या दृष्टीनं मोठं काम नागपूरला झालं. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या मुलांत दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही एफ वाढतं आणि भरती होणं कमी होतं. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत एफ मुळातच आफ्रिकन वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे पुष्कळजण 'आपला सिकल सौम्य' म्हणून सोडून देतात. ते विदर्भात खरं नाही. १५-२० टक्के एफ असूनही कळवळून भरती होणारी मुलं मी आठवड्याला पाहते. छापलेला टक्का सरासरी असतो. काही पेशींत भरपूर एफ आणि काहींत जवळजवळ नाही, असं असेल तर त्या रिकाम्या पेशी विळा व्हायच्या राहत नाहीत.

मोठ्याला सोळाव्या वर्षी कॅप्सूल सुरू झाली. आठ महिन्यांत एफ ८वरून १७वर. मग गावातल्या कुणीतरी सांगितलं, ही कॅन्सरची गोळी आहे. घरच्यांनी बंद केली. ती काही कॅन्सरमध्ये देतात हे खरंच आहे, म्हणून तर ते सांगणं लोकांना पटतं. माणसं कागद बघतात, त्यावर एसएस तसंच असतं, आणि म्हणतात, "रिपोर्ट तर बदललाच नाही, मग गोळी काहून खायची?" एसएस बदलणार नाहीच. बदलतो तो डाव्या कडेचा आकडा. तो त्यांना कुणी दाखवलेलाच नसतो. चार महिन्यांनी मोठा परत भरती झाला, छातीच्या दुखण्यानं, ऑक्सिजनवर. तेव्हापासून मी प्रत्येक एसएसच्या कागदावर एफच्या आकड्याभोवती लाल पेननं गोल करते आणि मागचा आकडा शेजारी लिहिते. कुणी मला तसं करायला सांगितलेलं नाही. साहेबांनी पाहिलं आणि काही म्हणाले नाहीत.

आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ आलं तर ट्यूब मी हातात घेत नाही. रक्त मशीनला जातं. कागदावर एफ आणि एस दोनच दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

गेल्या पावसाळ्यात मोठा रक्त तपासायला आला. आता तो अठराचा झाला आहे, घरची रोवणी ह्या वर्षी त्यानं सांभाळली, पाण्यात उभं राहून नाही, बांधावर बसून मजूर लावून. गार पाण्यात उभं राहिलं की त्याचं दुखणं उठतं. मोबाईलवर त्यानं कॅसजेव्हीचा व्हिडिओ पाहिला होता. "मॅडम, ते अमेरिकावाले त्या प्रोटीनले मारून टाकतात का जी?"

मी जुन्या प्रिंटआउटच्या पाठीवर तलाव काढला, पाट काढला, दोन बांध्या काढल्या. माती लावणारा माणूस काढला. सांगितलं की तो माणूस गावातली बाकीची कामंही करतो, त्याच्याशिवाय चालणार नाही.

तो बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्याले मारायचं नाही. फक्त आपल्या बांधीवर बोलवायचं नाही."

पंधरा वर्षांत मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं स्पष्टीकरण आहे. तो चित्राचा कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला, लहान्याला दाखवायला. मी विचारलं, कॅप्सूल किती उरल्या? म्हणाला, "चार." मी खिडकीवरच्या ताईंना हाक मारून त्याचं नाव सांगितलं आणि पेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या झाकणाची ट्यूब काढली. त्यानं बाही वर केली, उजवा हात पुढे केला. डाव्या हाताची शीर लवकर सापडत नाही, हे त्याला आता माझ्याहून जास्त ठाऊक आहे.